अक्कलदाढ म्हणजे काय? दुखत असेल तर काढावीच लागते का?

अकलेशी तिचा संबंध एवढाच, की ती उशिरा येते. बाकीचे कायमचे दात १२-१३ वर्षांपर्यंत येऊन जातात. ही सगळ्यात मागची दाढ साधारण १७ ते २५ च्या दरम्यान उगवते, म्हणजे पोरगं आता शहाणं झालं असं घरच्यांना वाटायला लागतं तेव्हा. (माझ्या घरी तसं अजून वाटलेलं नाही.) चारही यायलाच हव्यात असं काही नाही. काहींना एकही येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही.

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ अर्धीच वर आलीये, गोळ्या घेतल्या की सूज उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्याखाली अन्न अडकतं, तिथं ब्रश पोचत नाही. गोळ्यांनी सूज जाते, पदर तिथंच असतो. मिठाच्या कोमट पाण्याने, लवंगेने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच.

काढायची की नाही हे आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून ठरवा. दाढ सरळ येत असेल, जागा असेल, तर राहू द्या. माझी आडवी होती, शेजारच्या दाढेला डोकं लावून बसलेली. अशा वेळी शेजारची चांगली दाढ किडते, खरा तोटा तो. मी काढून घेतली. आडवी दाढ सहसा अखंड निघत नाही, ड्रिलने तुकडे करून काढतात. भूल असल्याने दुखलं नाही, पण जबड्यावरचा दाब आणि तो कटकट आवाज नकोसा होतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, तेव्हा घाबरू नका. पहिल्या दिवशी जोरात चूळ, स्ट्रॉ बंद. सिगारेट तर पुढचे काही दिवस नकोच. दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघून आली तर हाड उघडं पडतं आणि ती कळ दाढ काढण्यापेक्षा वाईट.

दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो म्हणणाऱ्या तुमच्या आईंना सांगा, दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी. माझ्या मावशीलाही हेच समजवावं लागलं होतं.

डॉक्टरांना मात्र एक नक्की विचारा: खालच्या जबड्यातली नस मुळांच्या किती जवळ आहे? अगदी चिकटून असेल तर ओठ-हनुवटी बधिर राहण्याचा धोका असतो, मग ओरल सर्जनकडेच जा. आणि ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.