वाचकांचे प्रश्न : ढगांआडचा नवतारा

प्रश्न : ऑगस्ट २०२१ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील आर.एस. ऑफियुकी हा नवतारा नुसत्या डोळ्यांना दिसेल असे वाचले होते. पण आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्या दिवसांत आभाळ भरलेलेच होते. शास्त्रज्ञांचीही अशीच अडचण होते का? आणि एकाच स्फोटासाठी रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतची उपकरणे कशाला लागतात?
– एक शिक्षिका, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : ढग अडवतात तो दृश्य प्रकाश. रेडिओ लहरी ढगांतून फारशा न घटता खाली पोहोचतात आणि क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणी तर वातावरणाच्या वर, उपग्रहांवरच असतात. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अधिक मोलाचा आहे.

हा तारा म्हणजे वस्तुतः जोडी आहे. त्यातील श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) आपल्या तांबड्या राक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेल्या, जोडीदाराकडून हायड्रोजनयुक्त वायू मिळवत राहतो. साचलेल्या थराचा तळ पुरेसा तापला आणि दाबला गेला की तेथे अणुसंमीलन भडकते व थराचा मोठा भाग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. बटू शाबूत राहत असल्यामुळे १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ असे त्याचे स्फोट नोंदले गेले आहेत. दृश्य प्रकाशावरून तारा केव्हा भडकला आणि किती झपाट्याने ओसरला हे कळते. पण हा वायू राक्षसी ताऱ्यातून संथपणे वाहून त्याच्याभोवती पसरलेल्या वायूवर आदळतो, तेव्हा कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण देतो, आणि त्याच आघातात वेग घेतलेले कण गॅमा किरण निर्माण करतात. २०२१ मध्ये नामिबियातील हेस व ला पाल्मा बेटावरील मॅजिक या दुर्बिणींनी अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. नवताऱ्याकडून असे किरण येताना ते प्रथमच आढळले. पुढे फेकल्या गेलेल्या वायूचे आवरण विरळ झाले की बटूवर अजून जळत असलेल्या इंधनाचे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण दिसू लागतात, आणि ते केव्हा मावळतात यावरून बटूचे वस्तुमान अजमावता येते.

रेडिओ निरीक्षणात तर आपल्या राज्याचाच वाटा आहे. फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने हा तारा ६१० मेगाहर्ट्झवर सुमारे २० दिवसांनी आणि ३२५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३८ दिवसांनी टिपला. भोवतीचा आयनीभूत (विद्युतभारित कणांचा) वायू कमी वारंवारतेच्या लहरी अधिक शोषतो, म्हणून त्या उशिरा बाहेर पडतात. हिवाळ्यात तापीवरचे धुके विरत जाते तसा पलीकडचा काठ टप्प्याटप्प्याने उघडा पडावा, तसेच हे. कोणती वारंवारता कोणत्या दिवशी दिसली यावरून वायू किती दाट होता ते काढता येते.

ढगांची अडचण टाळायची असेल, तर ‘उत्तर मुकुट’ या तारकासमूहातील टी कोरोनी बोरिअलिस या अशाच पुन्हा पुन्हा भडकणाऱ्या ताऱ्यावर लक्ष ठेवावे. १८६६ आणि १९४६ मध्ये भडकलेला हा तारा एरवी १०व्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असतो, पण स्फोटात दुसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे सहज दिसण्याइतका उजळतो. स्वाती आणि अभिजित यांच्या दरम्यानचा तो अर्धवर्तुळाकार मुकुट मे महिन्यात, म्हणजे पावसाआधीच, रात्री चांगला वर आलेला असतो. शाळेच्या गच्चीवरून विद्यार्थ्यांना त्याचे नेहमीचे तारे आधी ओळखून ठेवायला सांगावे. त्यांत एक जास्तीचा दिसला, तर तो सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येईल.