स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट पहिल्यांदा बघताय?
स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) घसरतो, ही भीती आधी मनातून काढा; तसं होत नाही. क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद ठेवून हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या, वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. मेसेजमधल्या लिंकवर माहिती भरू नका, ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

रिपोर्ट उघडला की स्कोअरवर थांबू नका, एकेक खातं वाचा. फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का? हे सर्रास होतं. मग चौकशांची यादी बघा, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कोणत्या कंपन्यांनी तुमचा रिपोर्ट मागवला ते. तुम्ही अर्जच न केलेल्या कंपनीचं नाव तिथे असेल, तर तुमच्या नावावर भलत्याच कुणी कर्ज मागितलेलं असू शकतं. त्याच दिवशी ब्युरो आणि ती कंपनी, दोघांनाही लेखी कळवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा. ब्युरो अनेक असतील तर सगळ्यांचे रिपोर्ट तपासा. एकीकडची चूक दुसरीकडेही असू शकते.