लॅटिनमधलं ‘मार्के फीली’: खरा मुलगा की नुसतं संबोधन?

प्रश्न असा आला आहे: लॅटिन ग्रंथांत ‘मार्के फीली’, म्हणजे ‘बाळा मार्कुस’, असं भेटतं. हा लेखकाचा खरा मुलगा, की गुरूने शिष्याला ‘वत्सा’ म्हणावं तसा प्रकार?

आधी रूप पाहू. ‘मार्कुस’चं संबोधन ‘मार्के’. त्याच न्यायाने ‘फीलियुस’चं (म्हणजे ‘मुलगा’) ‘फीलिए’ व्हायला हवं, पण रूढ रूप ‘फीली’. (लिवियुस आंद्रोनिकुस या फार जुन्या कवीच्या एका ओळीत ‘फीलिए’ टिकून आहे.)

आता अर्थ. थोरला कातो (इ.स.पू. २३४–१४९) या रोमन मुत्सद्द्याने मुलाला केलेल्या उपदेशाचे आज तुकडेच उरले आहेत. त्यांतलं गाजलेलं वाक्य: वक्ता म्हणजे, बाळा मार्कुस, बोलण्यात तरबेज असलेला सज्जन. हा मार्कुस त्याचा खरा मुलगा.

रोमन वक्ता व लेखक सिसेरोच्या मुलाचं नावही मार्कुस. इ.स.पू. ४४ मध्ये, पोरगा एकवीस वर्षांचा आणि अथेन्सला क्रातिप्पुसकडे तत्त्वज्ञान शिकायला असताना, बापाने ‘दे ऑफिसिइस’ हा कर्तव्यांवरचा ग्रंथ त्याला उद्देशून लिहिला. तिन्ही भागांच्या पहिल्याच वाक्यात ‘मार्के फीली’ येतं. ऐकणाऱ्या रोमन वाचकाला त्यात कातो आठवला असणार, असं मला ठामपणे वाटतं; सिसेरोची कातोवर भक्तीच होती. पण निरोप घेताना तो ‘मी किकेरो’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्या सिसेरो’; ‘किकेरो’ हा सिसेरोचाच लॅटिन उच्चार, आणि घराण्याचं नाव म्हणून ते मुलाचंही. (हा ‘मी’ म्हणजे ‘माझा’ या शब्दाचं संबोधन, मराठी ‘मी’ नव्हे.) तू मला अतिशय प्रिय आहेसच, हा उपदेश गोड मानलास तर कितीतरी अधिक होशील, असं तिथे लिहिलंय. इथे ग्रंथकार मागे सरतो आणि दूरदेशी शिकणाऱ्या मुलाचा बाप बोलू लागतो. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सिसेरो मारला गेला.

तुमची ‘वत्सा’ची शंका मात्र नंतरच्या काळाला अगदी लागू पडते. ‘दिस्तिका कातोनिस’ या नीतिपर दोनोळींच्या संग्रहाचा कर्ता अज्ञात आहे. कातोचं नाव त्याला नुसतं चिकटलेलं. त्याच्या प्रस्तावनेत ‘फीली कारिस्सिमे’, परमप्रिय मुला, अशी हाक आहे, पण मुलाचं नाव नाही. मध्ययुगात हे पुस्तक शाळेत लॅटिन शिकणाऱ्या पोरांच्या हाती पडायचं, तेव्हा वाचेल तो प्रत्येक जण ‘फीली’.

म्हणून शेजारी नाव आहे का, हे आधी बघावं. नवव्या शतकात दुओदा या आईने ताटातूट झालेल्या मुलासाठी उपदेशाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा तिनेही त्याला विल्हेल्म या नावानेच हाक मारली.