दुप्पट, पण कशाच्या?

फोंड्यातल्या एका दुकानदाराचं पत्र आहे. वय 46, घरखर्च महिना 40 हजार, पत्नी आणि मुलगी त्यांच्यावर अवलंबून. हातात 5 लाख आहेत. एका वीज कंपनीने दहा वर्षांत कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणू असं जाहीर केलंय, म्हणून सगळे तिच्या शेअरमध्ये घालू का, असं विचारतात. जाता जाता लिहितात, "विम्याची काळजी नाही. वर्षाला 1.2 लाख भरतो, 15 वर्षांनी दुप्पट मिळणार."

शेअर नको. ते लक्ष्य एकट्या कंपनीच्या हातात नसतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितल्या आणि राजस्थानातले सौर प्रकल्प अडले; तो आदेश शिथिल झाला 2024 मध्ये. 2022 पासून आयात सौर पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क लागलं. उन्हाळ्यात मागणी चढली की रात्री कोळसाच जाळावा लागतो. आपल्या गोव्याची वीजही कोरबा, विंध्याचलच्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने 2020 मध्ये तेल-वायू उत्पादन 2030 पर्यंत 40 टक्क्यांनी घटवू म्हटलं होतं. युक्रेन युद्धात भाव भडकल्यावर 2023 मध्ये ते 25 टक्के झालं, 2025 मध्ये सोडूनच दिलं. त्यात मुलीचं इंजिनीअरिंग दोन वर्षांवर. हे 5 लाख मुदत ठेवीतच ठेवा.

मला घोर लागलाय तो तुमच्या शेवटच्या ओळीचा. पॉलिसीची प्रत जोडलीत हे बरं केलंत. विमा 12 लाखांचा आहे आणि दुप्पट होणार ते हे 12 लाख, तुम्ही भरलेले पैसे नव्हेत. भरणार 18 लाख, मिळणार 24. वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के! रोज गल्ल्याचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा हिशेब दाखवलाच नाही, याचा मला राग येतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर 12 लाखांत घर अडीच वर्षं चालेल. पुढे काय?

प्रकृती चांगली असेल, तंबाखू नसेल, तर 1 कोटीच्या टर्म विम्याला, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याला, वर्षाला 30 हजार धरा. उरलेले 90 हजार पीपीएफ या सरकारी बचत योजनेत. 7.1 टक्के दर टिकला तर 15 वर्षांनी तेच 24 लाख.

दोन हप्ते गेलेत, तिसरा गणेश चवथीनंतर आहे. त्याआधी टर्म विमा घ्या; त्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी मोडू नका. मग विमा कंपनीला लेखी विचारा, आज सोडली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप, म्हणजे कमी रकमेवर चालू, ठेवली तर किती. भरलेल्या 2.4 लाखांतले बरेच बुडतील. त्यांच्यामागे आणखी 15.6 लाख घालू नका.