वडिलांनी जपलेल्या छपाईच्या प्लेट, क्रिकेटचे संग्राहक आणि दैनिकाची नोटीस

प्रश्न : माझे वडील पुण्यातल्या एका दैनिकाच्या छापखान्यात मशीनमन होते. छपाई उरकली की निकामी झालेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेट कामगारांना घरी न्यायला मिळत. कोणी त्या गोठ्यावर ठोकल्या, कोणी पेटीला आतून लावल्या. वडिलांनी क्रिकेटच्या पानांच्या तेवढ्या जपून ठेवल्या. त्यांच्यात 3 एप्रिल 2011 चं विश्वचषक विजयाचं पहिलं पान आहे, 17 नोव्हेंबर 2013 चं सचिनच्या निरोपाचंही आहे. ते गेल्यावर मी त्या फ्रेम करून विकायला लागलो. मागणी वाढली तशा एका भंगारवाल्याकडून त्याच दैनिकाच्या 30 जून 2024 आणि 3 नोव्हेंबर 2025 च्या प्लेटही घेतल्या, बिलाशिवाय. आता दैनिकाच्या वकिलांची नोटीस आली आहे : सगळ्या प्लेट 15 दिवसांत परत करा, 10 लाख रुपये भरपाई द्या, नाहीतर चोरीचा आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 65 चा गुन्हा दाखल करू. त्यातच ठाण्याचं एक गिऱ्हाईक म्हणतं की तशीच प्लेट दुसऱ्याकडे पाहिली, पैसे परत द्या. जाहिरातीत मी ‘जगातली एकमेव मूळ प्लेट’ असं लिहिलं होतं. घरात आई आहे, लग्न झालेली बहीण आहे. वडिलांच्या डायरीत गेट पासच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या, एवढाच कागद. काय करू?

उत्तर : घाबरून एकही प्लेट परत पाठवू नका आणि उत्तर जाईपर्यंत एकही विकू नका. दोन्ही सारखंच महत्त्वाचं आहे. परत पाठवलीत तर ती तुमची नव्हती असं कबूल केल्यासारखं होईल. विकलीत तर ‘नोटीस मिळाल्यावरही विकली’ हे वाक्य तुमच्याविरुद्धच्या प्रत्येक कागदात येईल.

नोटिशीत दोन निराळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. प्लेट ही वस्तू कोणाच्या मालकीची, हा एक. तिच्यावरचा मजकूर आणि छायाचित्रं कोणाची, हा दुसरा. नोटिशीचा सगळा भर दुसऱ्यावर आहे, पण त्या बाजूने तुम्ही बरेच सुरक्षित आहात. जपायचं आहे ते पहिल्या प्रश्नात.

कलम 65 आधी बाजूला करू. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये ‘प्लेट’ची व्याख्याच दिलेली आहे आणि तिच्यात ठसे, ब्लॉक, साचे, निगेटिव्ह सगळं येतं, त्यामुळे तुमची वस्तू या कायद्याच्या लेखी प्लेट आहे यात वाद नाही. पण कलम 65 ची शिक्षा नुसती प्लेट जवळ बाळगली म्हणून होत नाही. बेकायदा प्रती काढण्याच्या हेतूने, जाणूनबुजून ती बनवली किंवा बाळगली असली पाहिजे. तुमची प्लेट दैनिकाने स्वतःच्या अंकासाठी बनवली, तिच्यावरून कायदेशीर अंक छापला गेला, आणि आता ती काचेमागे भिंतीवर टांगलेली असते. हेतूचा धागाच जुळत नाही. शिवाय या कलमाची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आहे, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. आईला ही गोष्ट नीट समजावून सांगा, रात्रीची झोप उडाली असेल त्यांची.

दैनिकाचे वकील आणखी एक मुद्दा काढू शकतात : पानावरच्या मजकुराची प्रत लोकांना देण्याचा हक्क आमचा, आणि प्लेट आम्ही वाचकांसाठी कधी बाजारात आणलीच नव्हती. लेख आणि छायाचित्रांच्या बाबतीत कलम 14 हा हक्क देतं खरं, पण ‘आधीच चलनात आलेल्या प्रती’ वगळून देतं, आणि एकदा विकलेली प्रत चलनात आलेली मानली जाते. छापखान्याने स्वतः प्लेट भंगारात विकली असेल, तर तुमचं उत्तर तयार आहे. कामगाराला फुकट दिली असेल, तर ‘विकलेली’ या शब्दावर ते बोट ठेवतील. म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतो, प्लेट छापखान्याच्या फाटकाबाहेर कशी आली, यावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे.

आता त्या दोन चिठ्ठ्या. त्यांना आज लॅमिनेशन करू नका, पंच मारू नका, डायरीतून वेगळ्या काढू नका. डायरीसकट स्कॅन करून मूळ तशीच ठेवा. जंगम वस्तूची भेट नुसत्या हातात देण्याने पूर्ण होते, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 123 ला नोंदणीकृत कागद लागत नाही. मात्र देणारा देण्याचा अधिकार असलेला हवा. फोरमन हा मालक नाही. त्याने दिलेली भेट टिकायची तर व्यवस्थापनाला ही पद्धत ठाऊक होती आणि ती उघडपणे चालू होती, हे दिसलं पाहिजे. गेट पास नेमकं हेच दाखवतो, कारण फाटकावरचा पहारेकरी मालकाचा असतो. त्या चिठ्ठ्यांवर सही कोणाची आहे, शिक्का आहे का, तारीख आणि नग लिहिलेत का, हे पाहा. वडिलांबरोबर पाळीला असलेले दोन-तीन निवृत्त मशीनमन गाठा आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या : प्लेट कोण द्यायचं, केव्हापासून, कोणत्या साहेबांसमोर. ही माणसं वयाने थकलेली असणार, तेव्हा हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो मालक नाही हे सिद्ध करण्याचा भार, तसं म्हणणाऱ्यावर असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 113 तुमच्या बाजूला आहे, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

‘इतकी वर्षं घरात होत्या, आता त्या आमच्याच’ हा युक्तिवाद उत्तरात घालू नका. चोरीला गेलेल्या किंवा अपहार झालेल्या वस्तूबद्दल दावा करायला मुदत कायदा तीन वर्षं देतो, पण ती मोजायची वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून. तुमची जाहिरात पाहून त्यांना कळलं असेल, तर मुदत आत्ताच कुठे सुरू झाली आहे.

भंगारवाल्याकडच्या प्लेटचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे मला काळजी वाटते. वस्तू विक्री कायद्याच्या कलम 27 चं सूत्र असं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. भंगारवाल्याने छापखान्याच्या अधिकृत ठेकेदाराकडून माल घेतला असेल, तर मालकी रीतसर तुमच्यापर्यंत आली. ठेक्यात ‘प्लेट वितळवल्याच पाहिजेत’ अशी अट असली, तरी ती मोडल्याची जबाबदारी मुख्यतः ठेकेदाराची, तुम्ही त्या करारात नव्हता. पण रात्रपाळीच्या कोणी चार प्लेट गुपचूप बाहेर काढून दिल्या असतील, तर तुम्ही पूर्ण पैसे मोजूनही मालक झाला नाहीत. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 306, चोरीचा माल घेणाऱ्याला कलम 317. 30 जून 2024 च्या अंकाची प्लेट त्याच दिवशी बाहेर पडली असेल, तर चोरीला जुना भारतीय दंड विधान लागेल, कारण संहिता 1 जुलैपासून अमलात आली. प्लेट तुमच्या हातात नेमकी कधी आली, ती तारीख म्हणूनच लिहून ठेवा. 317 मध्ये तुम्हाला माहीत होतं का, किंवा संशय यायला सबळ कारण होतं का, हे पाहतात. कालपर्यंत तुम्ही ‘माहीत नव्हतं’ म्हणू शकत होता, नोटीस आल्यावर ते म्हणता येणार नाही. या प्लेट वेगळ्या बांधा, यादी करा, भंगारवाल्याकडून माल कुठून आला हे लेखी घ्या. त्याने लिहून द्यायला नकार दिला, तर या तारखांच्या प्लेट आम्ही सद्भावनेने घेतल्या आणि आपण मालकी दाखवल्यास परत देऊ, असं उत्तरात स्पष्ट म्हणा. थोडं नुकसान सोसा. वडिलांच्या प्लेट वाचवण्यासाठी या दोन तारखांवर अडून बसू नये, असं माझं मत आहे.

ठाण्याच्या गिऱ्हाइकाला पैसे परत द्या, प्लेट परत घ्या. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि वडील असते तर त्यांनीच तुम्हाला आधी सांगितलं असतं. रंगीत पानाला एक प्लेट नसते. निळी, लाल, पिवळी, काळी अशा चार असतात, आणि मजकूर मुख्यतः काळ्याच्या प्लेटवर असतो. खप मोठा असेल, दोन-तीन ठिकाणी छपाई असेल, तर त्याच पानाचे आणखी संच निघतात. त्यात आवृत्त्या. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. तोपर्यंत लांबच्या गावांच्या डाक आवृत्त्यांची पानं सोडायची वेळ येते, आणि निकाल आला की शहर आवृत्तीसाठी पहिलं पान पुन्हा लावतात. त्यामुळे एकाच तारखेच्या, एकाच पानाच्या, वेगवेगळ्या मजकुराच्या प्लेट असू शकतात. ‘जगातली एकमेव’ हे विधान खोटं ठरतं, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 त्याला दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतो. गिऱ्हाईक स्वतःच्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात तक्रार करू शकेल. त्याऐवजी खरं लिहा : दैनिकाच्या अमुक तारखेच्या शहर आवृत्तीची, पहिल्या पानाची, काळ्या रंगाची, छपाईत वापरलेली प्लेट. मला विचाराल तर जाणत्या संग्राहकाला हेच वर्णन जास्त मोलाचं वाटेल.

वापरलेली प्लेट ओळखू येते. मशीनवर चढवण्यासाठी तिच्या कडा दुमडलेल्या असतात, जुळणीची भोकं असतात, शाईचे माग राहतात. ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरं सुलटी दिसतात, कारण ठसा आधी रबराच्या ब्लँकेटवर आणि मग कागदावर उतरतो. शिशाच्या जुन्या ठशांवर ती उलटी असत. उद्या कोणी 1983 च्या लॉर्ड्सच्या विजयाची कोरी करकरीत, सपाट कडांची ॲल्युमिनियमची प्लेट घेऊन आला, तर ती जुन्या पानाच्या स्कॅनवरून नव्याने काढलेली असण्याचीच शक्यता जास्त. तशी प्लेट बनवणं म्हणजे पानाची नवी प्रत करणं. तिथे कॉपीराइटचा भंग खरोखर होतो, आणि कलम 63 लागू शकतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र ठरवला आहे. मूळ म्हणून विकली तर फसवणूकही. याच कारणाने तुमच्या खऱ्या प्लेटवरून टी-शर्ट, पोस्टर, मग काहीही छापू नका. जाहिरातीत प्लेटचा फोटो टाकताना बातमी वाचता येईल एवढा मोठा टाकू नका.

दैनिकाचं नाव प्लेटवर आहे ते राहू द्या, तुमच्या दुकानाच्या पाटीवर किंवा पावतीवर नको. क्रिकेट मंडळाचं बोधचिन्हही नको. खेळाडूंच्या नावाची भीती बाळगू नका : एप्रिल 2023 मध्ये क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने सार्वजनिक माहितीवर कोणाची मक्तेदारी मानली नाही. पण खेळाडूने तुमच्या मालाची शिफारस केली असा भास होऊ देऊ नका, आणि सह्या मिळवून देणाऱ्या एजंटाकडून सही केलेली प्लेट घेऊ नका.

तुम्ही न विचारलेली गोष्ट. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या प्लेट तुमच्या एकट्याच्या नाहीत. आई आणि बहीण यांचाही सारखा हिस्सा आहे, आजवरच्या विक्रीतही. दोघींची लेखी संमती घ्या आणि हिशेब दाखवा. नोटिशीचं उत्तरही तिघांच्या नावे गेलं तर बरं.

उत्तर वकिलामार्फत, पोचपावतीच्या टपालाने, 15 दिवसांच्या आत पाठवा. वडिलांच्या प्लेटबद्दल गेट पास आणि वहिवाट सांगा, चिठ्ठ्यांच्या फक्त प्रती जोडा. 10 लाखांचा हिशेब मागा. कॉपीराइटच्या निराधार धमक्यांविरुद्ध कलम 60 खाली दावा करण्याचा हक्क राखून ठेवत आहोत, असं एक वाक्य घाला. आणि शेवटी विचारा की दैनिकाला स्वतःच्या संग्रहासाठी 2011 च्या पानाची प्लेट हवी आहे का. हवी असेल तर वडिलांच्या नावासह ती लावण्याच्या अटीवर देऊ, असं तिघांचं एकमत झालं तर लिहा. तडजोडीची बोलणी पुष्कळदा अशाच एका वाक्यावरून सुरू होतात.