“पेन्शन बंद हुईल का, मॅडम?”

खुर्चीत टेकायच्या आधीच वहिनींनी हे विचारलं. पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्ससुद्धा होती. नवऱ्याला ‘डोक्याच्या डॉक्टर’कडं नेलं तर पेन्शन जाईल, असं भावकीत कुणीतरी सांगितलेलं. फौजी घरांतून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तर, नाही. नोकरीची वर्षं भरून मिळवलेली पेन्शन निवृत्तीनंतर मानसोपचार घेतले म्हणून थांबत नाही. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाचा हक्क आहे. डीएससीत, म्हणजे माजी सैनिकांना घेणाऱ्या संरक्षण सुरक्षा दलात, पुन्हा भरती व्हायचं असेल तर मात्र वैद्यकीय तपासणी होते, तेही मी सांगून टाकते.

मग वहिनी खरं बोलायला लागल्या.

सातारा जिल्ह्यातलं गाव. गावात त्यांच्या नवऱ्याला सगळे ‘मेजर’ म्हणतात, निवृत्त झाले मात्र नाईक या बऱ्याच खालच्या हुद्द्यावरून. काश्मीरमध्ये दोनदा पोस्टिंग. आता रात्री दोनला उठून दाराची कडी तपासतात, अंगणात फेऱ्या मारतात. वरातीत फटाके वाजले तसे पोराला ओढून भिंतीआड घेऊन गेले. पोरगं घाबरलं, पाहुणे हसले. त्यानंतर कॅन्टीनची रम रोजची झाली.

पण वहिनींचं निम्मं गाऱ्हाणं वेगळंच होतं. इतकी वर्षं सासू, शेत, शाळा, सोसायटीचं कर्ज त्यांनी एकटीनं ओढलं. सुट्टीवर आलेला नवरा पाहुणा असतो, त्याला कोंबडं कापतात. तो कायमचा आला आणि पहाटे पाचला सगळ्या घराला उठवायला लागला, डब्यातल्या तांदळाचाही हिशेब मागायला लागला. “माझ्याच घरात मी रंगरूट झाले,” म्हणाल्या. हे कुठल्या आजारात बसत नाही, पण संसार यानंही मोडतो. म्हणून पहिले दोन आठवडे मी वहिनींशीच बोलले. नवरा येत नाही म्हणून थांबायचं कारण नसतं.

त्यांना एवढंच सांगितलं: झोपेत दचकले तर अंगाला हात लावून उठवू नका, लांबून नाव घेऊन हाक मारा. आणि “तुम्हाला काय झालंय?” असं न विचारता “झोप लागत नाही, तेवढं दाखवू” म्हणा.

झोपेच्या नावाखाली मेजर आले. दार दिसेल अशी खुर्ची सरकवून बसले. रमनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्र तीच मोडते, हे त्यांना पटलं. रात्री दोनचा हिशेब लागला ना! ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफरल घेतलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं, नाहीतर आठव्या दिवशी पाकीट कोनाड्यात जातं. रम एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा, हेही. दोन भेटींच्या मध्ये रात्र जड गेली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला; फुकट, चोवीस तास, मराठीतही. सैन्यातल्या लोकांसाठी त्यांचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला, हे ऐकल्यावर मात्र मेजरांनी नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये घातला. आपल्या लोकांचं म्हटल्यावर चालतं!

उपचार अजून चालू आहेत. यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीदिवशी ते मळ्यातल्या वस्तीवर जाऊन बसले. जाताना वहिनींना सांगून गेले, आणि फटाके संपल्यावर जेवायला घरी आले.