वाचकांचे प्रश्न : मोनोरेलचा डबा आतून नवा करताना

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मोनोरेल १९७१पासून धावते. आजच्या ‘मार्क सहा’ गाड्या बम्बार्डियर या कॅनडाच्या कंपनीने १९८९ ते १९९१ या काळात बांधल्या. गाड्या बारा, प्रत्येकीला सहा डबे, लांबी २०३ फूट. तीस वर्षं उलटलेल्या अशा गाडीत सांगाडा तोच राहतो आणि आतलं सामान बदलत जातं. या आतल्या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

डबा आतून नवा करायचा म्हणजे सीटा बदलायच्या आणि रंग मारायचा. त्यात एवढं अवघड काय? (पुण्याचे वाचक)

रंगाच्या डब्याआधी वजनकाटा आणावा लागतो, अवघड आहे ते इथेच. मोनोरेल काँक्रीटच्या बीमवर रबरी टायरांनी चालते. सगळा भार मोजक्या टायरांवर असतो आणि बाजूचे टायर बीमला चिकटून तिला सरळ धरतात. भार वाहणारे टायर डब्याच्या तळातून वर येतात, म्हणून आत त्यांच्यावर पेटीसारखे उंचवटे असतात. बहुतेक सीटा याच उंचवट्यांवर किंवा त्यांच्या आजूबाजूला बसवलेल्या असतात. त्यामुळे ‘सीटा अशा फिरवून लावल्या असत्या तर बरं झालं असतं’ ही सूचना कितीही चांगली असली तरी निम्म्या वेळा त्या जागी खाली टायर असतो.

तळाचा हिशेब करून पाहा. डब्याचा तळ साधारण २५ चौरस मीटर धरला, तर १८ मिलिमीटर प्लायवूड चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एका डब्यात ३०० किलो. त्यावरचं ३ मिलिमीटर व्हायनिल आणखी १०० किलो. मागच्या खेपेला कुणी घाईत जुन्यावरच नवं चिकटवलं असेल, तर हे शंभर किलो दोनदा मोजा. प्लायवूडने पाणी प्यायलं असेल तर आकडा त्याहून वर जातो. म्हणून कामाच्या पहिल्या दिवशी वही उघडायची आणि एका रकान्यात काढलं किती, दुसऱ्यात बसवलं किती ते लिहायचं. सीटा, दांडे, दिवे, स्क्रूची पिशवी, काहीही सुटता कामा नये. शेवटी डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज वेगळी काढायची, कारण डबा एका अंगाला कलला तर त्या बाजूचे टायर आधी झिजतात.

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईची मोनोरेल वजनामुळे अडकली असं सांगितलं गेलं. थोड्या वजनाने खरंच गाडी थांबते? (चेंबूरच्या वाचक)

थांबते. १९ ऑगस्टला भर पावसात म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मधे अडकलेल्या त्या गाडीबद्दल एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) दिलेला आकडा असा होता : मर्यादा १०४ टन, गाडीत भरलं १०९ टन. जास्तीच्या भाराने वीजवाहक पट्टी आणि ती वीज उचलणारा भाग यांच्यातला संपर्क तुटला, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. माणशी ६५ किलो धरले, तर पाच टन म्हणजे जेमतेम ७७ माणसं. लोकलच्या एका दाराशी याच्या जवळपास गर्दी असते!

आता तोच आकडा आतल्या सजावटीला लावा. नूतनीकरणात प्रत्येक डब्याचं वजन ३०० किलोने वाढू दिलं, तर चार डब्यांच्या गाडीत १.२ टन झाले. म्हणजे अठरा प्रवाशांची जागा रिकाम्या डब्यानेच खाल्ली. जाड गादी, दगडासारखी दिसणारी फरशी, सजावटीचे लाकडी पॅनेल हे सगळं मागणाऱ्याला या भाषेत उत्तर द्यावं.

सीटला घरच्या सोफ्याचं रेक्झिन आणि फोम का चालत नाही? स्वस्त तर पडतो. (कोल्हापूरचे वाचक)

मोनोरेलमध्ये धूर झाला तर दार उघडून रुळावर उडी मारता येत नाही. खाली बीम अरुंद, त्याच्याही खाली मोकळी हवा. २६ जून १९८५ रोजी डिस्ने वर्ल्डमध्ये तेव्हाच्या ‘मार्क चार’ गाडीचा शेवटचा डबा एपकॉट या तिथल्याच थीम पार्कहून परतताना पेटला. हवा गेलेला टायर बीमवर घासत ओढला गेला आणि घर्षणाने पेट घेतला. प्रवाशांनी खिडक्या लाथांनी फोडल्या आणि ते डब्याच्या टपावर चढले, तिथून अग्निशमन दलाने त्यांना उतरवलं. आग लावणारा टायर डब्याबाहेरचा असला, तरी माणसाला किती मिनिटं मिळणार हे आतल्या सामानावर ठरतं.

साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि दाट विषारी धूर सोडतो. म्हणून अमेरिकेत अशा गाड्यांना एनएफपीए १३० हे अग्निसुरक्षेचं मानक लावतात. गादीच्या फोमची ज्वालाप्रसार चाचणी (ज्वाला किती वेगाने पसरते ती) एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ३६७५ पद्धतीने होते आणि निर्देशांक २५च्या आत हवा. धुराची चाचणी त्याच संस्थेच्या ई ६६२ने होते, त्यात दीड मिनिटाला घनता १०० आणि चार मिनिटांना १७५ ही मर्यादा आहे. भिंतीच्या पॅनेलला ज्वालाप्रसार ३५पर्यंत चालतो. युरोपात यासाठी ईएन ४५५४५ हे मानक आहे. जपानची पद्धत दिसायला साधी आहे : नमुना ४५ अंशात तिरका धरून त्याखाली अर्धा मिलिलिटर अल्कोहोल जाळतात आणि काय होतं ते पाहतात.

गडबड बहुतेक वेळा कागदात असते. पुरवठादार कापडाचं प्रमाणपत्र वेगळं आणि फोमचं वेगळं देतो, पण ज्या गोंदाने ते एकमेकांना चिकटवले त्याचा उल्लेखच नसतो. प्रमाणपत्र ज्या जाडीचं, त्याच जाडीचा माल हवा. २५ मिलिमीटरचा अहवाल ५० मिलिमीटरच्या गादीला लागू होत नाही. आणखी एक अट हमखास विसरली जाते. फोमची चाचणी तो दाबून-दाबून थकवल्यावर आणि कापडाची चाचणी धुतल्यानंतरही पास व्हावी लागते, कारण काही अग्निरोधक रसायनं धुण्यात निघून जातात. सिलिकॉन फोम या कसोट्यांना उत्तम उतरतो, पण तो जड असतो, त्यामुळे वजनाची वही पुन्हा उघडावी लागते. आमच्या मते थीम पार्कच्या दहा-बारा मिनिटांच्या प्रवासाला जाड गादी लागतच नाही. घट्ट, पातळ आणि बदलायला सोपी गादी पुरेशी आहे.

तळाचं व्हायनिल दोन वर्षांत दाराशी उचकटतं. काय चुकतं? (ठाण्याचे वाचक)

व्हायनिलचा दोष क्वचित असतो, दोष त्याच्या खालच्या प्लायवूडचा असतो. ओले रेनकोट, सांडलेली पेयं, बाळगाड्यांची चाकं आणि रोजची पुसापुशी या सगळ्यांचं पाणी दाराच्या उंबऱ्याशी गोळा होतं. प्लायवूड आधी तिथे कुजतं, त्यानंतर सीटच्या पायांच्या बोल्टभोवती.

काम असं करावं. सीटा काढताना प्रत्येकीचे बोल्ट आणि खालच्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत नंबर टाकून ठेवा. पट्ट्यांची अदलाबदल झाली की सीट डुगडुगते. जुनं व्हायनिल १५-२० सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापून हीट गनने गरम करत खरवडा. गाडी १९८०च्या आधीची असेल तर जुन्या फरशीत आणि गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा खरवडण्याआधी नमुना तपासून घ्या. मग हातोडीच्या मुठीने सगळा तळ ठोकत जा. आवाज भदभद आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज घुसला तर तो तुकडाच बदलायचा, पुटी भरून भागणार नाही. ओलाव्याच्या मीटरवर १२ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर थांबा आणि पंखे लावून वाळवा. नवा तुकडा कापल्यावर त्याच्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी वरून कमी आणि कडेतून जास्त शिरतं. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की दोन वर्षांनी तुमचं पत्र आमच्याकडे येतं.

दोन मीटरची पट्टी ठेवून तळाचा चढउतार ३ मिलिमीटरच्या आत आहे का ते पाहा. व्हायनिलचा रोल चोवीस तास आधी उघडून १८ ते २७ अंश तापमानात पसरून ठेवावा. २५ चौरस मीटरच्या डब्याला दोन मीटर रुंदीचा साधारण १५ मीटर रोल आणि ८-९ किलो गोंद लागतो. दाराजवळ दोन घटकांचा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी गोंदच वापरावा. पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक गोंद आतल्या कोरड्या भागात चालतो, उंबऱ्याशी नाही. व्हायनिल टाकल्यावर ४५ किलोचा रोलर आधी आडवा आणि मग उभा फिरवा. भिंतीवर दहा सेंटिमीटर वर वळवून घ्या, म्हणजे कोपऱ्यात पाणी साचणार नाही. सांधा दारात येऊ देऊ नका आणि टायरच्या पेटीच्या कोपऱ्यावरही नको.

सांध्याचं गरम वेल्डिंग, म्हणजे दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत व्हायनिलची सळई वितळवून भरणं, दुसऱ्या दिवशी करा. गोंद ओला असताना केलं तर वाफ अडकून सांधा फुगतो आणि महिनाभरात उघडतो. खाच जाडीच्या दोन-तृतीयांश खोल घ्यावी आणि सळई ४ मिलिमीटरची. वर आलेली सळई दोनदा कापायची : गरम असताना जाडसर आणि पूर्ण थंड झाल्यावर सपाट. पहिल्याच फटक्यात सपाट केली तर थंड होताना ती आत बसते आणि त्या खळग्यात कायमची काळी रेघ उठते. फ्लोअरिंग करणाऱ्याचा हात ओळखायचा तर ही रेघ बघावी.

सगळं नवं असूनही डब्यात कुबट वास येतो. (पणजीच्या वाचक)

सुगंधी फवारा आधी बंद करा, त्याने वासाचं मूळ कळत नाही. एसीच्या बाष्पीभवन कॉइलखालच्या ताटलीत लिटरभर पाणी ओता. एक-दोन मिनिटांत ते बाहेर गेलं नाही तर निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबली आहे. गोवा असो वा फ्लोरिडा, दमट हवेत हेच पहिलं कारण. नळी ठीक असेल तर कॉइल आणि फिल्टर पाहा. तिसरी जागा म्हणजे टायरच्या पेटीचं सील. पावसात टायर बीमवरचं पाणी वर उडवतो आणि सील फाटलं असेल तर ते थेट सीटखाली येतं. फोम एकदा भिजला की वाळवूनही वास जात नाही, तो बदलावाच लागतो.

डिस्ने वर्ल्डमध्ये एकाच दिवशी एक गाडी आतून चकाचक आणि दुसरी जुनाट दिसली. सगळ्या एकदम का करत नाहीत? (न्यू जर्सीच्या वाचक)

गाड्या बाराच आहेत आणि त्यांना एक्स्प्रेस, रिसॉर्ट आणि एपकॉट अशा तीन मार्गांवर रोज धावायचं असतं. एका वेळी थोड्याच बाजूला काढता येतात. शेडही ऐसपैस नाही. मॅजिक किंगडम या थीम पार्कमागच्या एकाच इमारतीत वर मोनोरेल आणि खाली वाफेची इंजिनं राहतात. त्यामुळे नव्या-जुन्यांची सरमिसळ बराच काळ दिसत राहते. हुशार विभाग याचा फायदा घेतो : पहिल्या गाडीत जे लवकर उसवलं किंवा घासलं, ते तिसऱ्या गाडीत बदलतो. म्हणून सगळ्या गाड्यांचं सामान एकदम मागवू नये. पहिल्या गाडीने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेपर्यंत थांबावं.

डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलमध्ये चालकाशेजारी बसायला मिळतं का अजून? (नागपूरचे वाचक)

नाही. ५ जुलै २००९ रोजी दोन गाड्यांची टक्कर होऊन एक चालक गेला, त्यानंतर ते बंद झालं. त्या अपघातातल्या गुलाबी आणि जांभळ्या गाडीचे शाबूत भाग जोडून ‘टील’ रंगाची गाडी तयार झाली.

टोकियो डिस्नेच्या मोनोरेलमध्ये लटकायच्या कड्याही मिकीच्या आकाराच्या आहेत. असं काही करताना काय पाहायचं? (मुंबईच्या वाचक)

आकार हवा तो द्या, माप हातापासून सुरू करा. अमेरिकी नियमात पकडायच्या दांड्याचा व्यास ३२ ते ३८ मिलिमीटर आणि बोटांसाठी मागे ३८ मिलिमीटर मोकळी जागा लागते. सजावटीचं पॅनेल लावताना ही मागची जागा हमखास खाल्ली जाते. चाकाच्या खुर्चीला ७६ बाय १२२ सेंटिमीटर जागा द्यावी लागते. तिथे नंतर कुणी ‘फक्त एक’ उलगडणारी सीट घुसवू पाहतो, ती घुसू देऊ नका.

टोकियोने मुळात वेगळी वाट धरली. तिथली पाच किलोमीटरची फेरी जुलै २००१मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२०पासून हिताचीच्या जुन्या गाड्यांच्या जागी नव्या ‘टाइप सी’ गाड्या येऊ लागल्या. मिकीच्या आकाराच्या खिडक्या त्यांनी नव्या गाड्यांतही ठेवल्या. दारांची यंत्रणा, वायरिंग आणि बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) थकल्यावर सीटांवर खर्च करणं म्हणजे वरवरची मलमपट्टी, असं आम्हाला वाटतं. दारं रोज अडकत असतील तर पैसे आधी दारांवर घाला.

सॅनिटायझरच्या कापडाने रोज पुसतो, तरी सीटा तडकल्या आणि पारदर्शक पडदे धुरकट झाले. (नाशिकचे वाचक)

‘तरी’ नाही, त्यामुळेच. अल्कोहोलने व्हायनिलमधलं मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं आणि ॲक्रिलिकवर बारीक जाळीदार तडे येतात. पॉलिकार्बोनेटला अमोनियाची काचसफाई चालत नाही. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड आणि मग साध्या पाण्याने पुसणं एवढं पुरतं. जंतुनाशक वापरलंच तर बाटलीवर सांगितलेली मिनिटं झाल्यावर तेही पाण्याने पुसून काढा.